अठरा थांब्यांचा कंडक्टर

पिलणकर अण्णा भेटले की नमस्कार करत नसत. ते "आ कर" म्हणत.

समोरचा वयानं मोठा असेल तर "आ करा." एवढाच फरक. मग खिशातून छोटी बॅटरी काढून त्याच्या तोंडात उजेड पाडायचा. "जीभ वर. आता डावीकडं. गालात काय लपवलंयस?" अशी चौकशी करायची. समाधान झालं की दुसऱ्या खिशातून कंडक्टरचा तिकिटाचा पंच निघे आणि एका पिवळ्या कार्डाला भोक पडे. शेवटी अण्णा स्वतःच तोंडानं "टण टण" असा आवाज काढत. म्हणजे डबल बेल. म्हणजे या माणसानं क्षयाची आजची गोळी खरोखर गिळली आहे आणि गाडी पुढं जायला हरकत नाही.

मिरकरवाड्यातली पोरं त्यांना 'आ-कर कंडक्टर' म्हणत. अण्णांना ते ठाऊक होतं. एकदा एका पोरानं तोंडावर म्हटलं, तर त्याचीही जीभ बघून घेतली आणि म्हणाले, "जंत झालेत. आईला सांग."

आमचं शेजार मंडळ म्हणजे रत्नागिरीच्या बंदरावर, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला दोन कौलारू खोल्या, एक कपाट आणि बारा उत्साही माणसं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही ते काढलं. बायकांना शिवणकाम शिकवायचं, तरुणांना बर्फाच्या कारखान्यात नाहीतर मुंबईत कुणाच्या ओळखीनं चिकटवून द्यायचं, नळाला पाणी नाही म्हणून नगरपालिकेत अर्ज करायचे, मतदार यादीत नावं घालायची, डोळे तपासायची शिबिरं भरवायची. मी चिटणीस. दिवसभर शाळेच्या ऑफिसात कारकुनी करायची आणि संध्याकाळी समाजसेवा. त्या वेळी मी चाळिशीचा होतो आणि आपण चांगले आहोत अशी माझी पक्की समजूत होती.

अण्णा एसटीतून निवृत्त होऊन आले तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला काय जमेल?"

"माणसं शेवटच्या स्टॉपपर्यंत न्यायची. दुसरं काय येत नाय."

आम्ही हसलो आणि क्षयाच्या रोग्यांचं काम त्यांच्याकडं दिलं. ते काम आमच्यातल्या कुणालाच नको होतं, हेही सांगून टाकतो.

तेव्हा क्षयाचं औषध दीड वर्ष घ्यावं लागे. सुरुवातीला इंजेक्शनं, मग रोज गोळ्या. सरकारी दवाखान्यातून रोग्याच्या नावावर महिन्याच्या गोळ्या मिळत. पुढं तो त्या घेतो की उशाखाली ठेवतो, कोण बघणार? अण्णा बघत. सगळ्यांच्या गोळ्या ते स्वतःकडं ठेवत आणि ज्याला त्याला गाठून रोज एकेक खुराक देत. दीड वर्ष म्हणजे अठरा महिने. अण्णांनी त्याची रत्नागिरी ते मुंबई अशी गाडी केली होती. प्रत्येक कार्डावर अठरा थांबे स्वतःच्या अक्षरात लिहिलेले आणि प्रत्येक थांब्यापुढं रोजच्या भोकासाठी चौकोन आखलेले. पहिला महिना हातखंबा, दुसरा निवळी, मग बावनदी, संगमेश्वर, आरवली, सावर्डा, असं करत करत पेण, पनवेल आणि मुंबई. रोगीही तसंच बोलू लागले होते. नळावर एक बाई दुसरीला सांगताना मी स्वतः ऐकलं आहे, "माजा सावर्डा झाला गो. आता खोकला कमी हाय."

अण्णांचा मूळचा पंच निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा झाला होता. हा दुसरा त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून शोधून आणला. त्याचं भोक एसटीच्या भोकापेक्षा किंचित मोठं पडे, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. "खात्याचं भोक ते खात्याचं भोक," म्हणत.

खुर्चीवर बसलेले अण्णा मी पाहिलेच नाहीत. मंडळाच्या सभेतही ते दारापाशी, चौकटीला पाठ लावून, पाय फाकवून उभे. जमीन कधीही वळण घेईल अशा तयारीत. सभा सुरू व्हायच्या आधी ते डोकी मोजत आणि "आत सरका, आत सरका, मागं मोकळंच आहे," म्हणत. बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. एका खोलीत राहत. त्याविषयी कुणी विचारलं तर "पुढचं बोला" म्हणत, आणि आम्ही पुढचं बोलत असू.

त्यांना भीती वाटे ती फक्त चिपळूणची. सातवा महिना चिपळूण.

"चिपळूणला गाडी चहाला थांबते, चिटणीस," ते मला सांगत. "तिथंच माणूस खाली उतरतो. खोकला थांबलेला असतो, अंगावर मांस चढलेलं असतं. त्याला वाटतं, पोचलो. चहा पितो आणि परत चढतच नाही. गाडीत जागा राखलेली, वर ट्रंक बांधलेली, आणि माणूस नाय." मग आवाज चढवून, "मध्ये उतरायचं नाय! आपल्या गाडीला मधला स्टॉप नाय!"

सहावा महिना सरत आला की ते त्या रोग्याच्या घरी दिवसातून दोनदा जाऊ लागत. लोक वैतागत. एका म्हातारीनं त्यांना कोयता दाखवला होता. अण्णांनी तिला कोयता खाली ठेवायला सांगितलं, आ करायला लावलं, भोक पाडलं आणि टण टण करून निघून आले.

सदू त्यांच्या गाडीत बसला तेव्हा पस्तिशीचा असेल. मासेमारीच्या बोटीवर खलाशी. बोट पहाटे जाई आणि संध्याकाळी लिलावाच्या वेळी धक्क्याला लागे. बायको शेवंती आमच्या शिवणवर्गाला येई आणि एरवी जाळी विणायला जाई. सदूला गाठायचं तर अण्णांना एकच वेळ मिळे, ती लिलावाची. टोपल्या उतरताहेत, बायका भाव ओरडताहेत, बर्फाची गाडी मागं येते आहे, आणि त्या गर्दीत चिखलात पाय रोवून अण्णा उभे, "सदू, आ कर!"

सदू आ करी. बाजूचे खलाशी हसत. "सदू, कंडक्टर काय म्हनतो? तिकीट फाडलास?" सदूही हसे. निदान पहिले चार महिने तरी तो हसताना मी पाहिला होता.

आता माझी गोष्ट सांगायची वेळ आली. ती मी अनेक वर्षं वेगळ्या तऱ्हेनं सांगत आलो.

शिवणवर्गाला चार नवी मशिनं मिळाली आणि ती देणारे मुंबईचे एक पाहुणे उद्घाटनाला आले. मी आठवडाभर घसा कोरडा करून भाषण पाठ केलं होतं. पाहुण्यांना हार घालायचं काम मी, वयानं मोठे म्हणून, अण्णांकडं दिलं. अण्णा हार घेऊन पुढं झाले. तेवढ्यात पाहुण्यांना ठसका लागला.

"आ करा," अण्णा म्हणाले.

पाहुणे इतके गडबडले की त्यांनी खरोखरच आ केला. अण्णांनी हार डाव्या हातावर टांगला, बॅटरी काढली आणि सगळ्या सभेसमोर पाहुण्यांची जीभ वर, डावीकडं, उजवीकडं करून बघितली. "काय नाय. पान कमी करा. सरका पुढं." मग हार घातला.

सभा हसून हसून लोळली. पाहुणेही हसले. पण जाताना गाडीत बसता बसता ते मला म्हणाले, "तुमच्या संस्थेत करमणूक चांगली आहे हो." ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं. पुढच्या दहा वर्षांच्या कामाची स्वप्नं मी बघत होतो आणि लोकांना आमची करमणूक दिसत होती.

त्याच आठवड्यात शेवंती माझ्याकडं आली. शिवणाचा कपडा हातात तसाच होता.

"भाऊ, अण्णांना सांगा ना, धक्क्यावर नको म्हनून. मालकाच्या कानावर गेलाय. तो म्हनतो, क्षयाचा मानूस बोटीवर नको. कामच गेला तर आमी खायचा काय?"

"मी बघतो," मी म्हणालो.

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. माणसाचा आजार भर बाजारात ओरडून सांगायचा नसतो, हे आजही माझं मत आहे. पण अण्णांना बाजूला बोलावून "लिलावात नको, बर्फाच्या कारखान्यामागं बोलवा" एवढं सांगून भागलं असतं. मी तसं केलं नाही. मी कार्यकारिणीची सभा बोलावली आणि ठराव मांडला. यापुढं रोग्यांच्या तोंडात बघू नये. बॅटरी व पंच वापरू नये. महिन्याच्या गोळ्या पाकिटात घालून ज्याच्या त्याच्या हाती द्याव्यात. माणसांवर विश्वास ठेवावा. 'विश्वास' हा शब्द मी दोनदा वापरला. सदूचं कल्याण माझ्या तोंडात होतं आणि डोळ्यांसमोर होते ते हसणारे पाहुणे.

अण्णा दारात उभे राहून ऐकत होते.

"चिटणीस, सदूचं आत्ता कुठं आरवली झालंय," ते एवढंच बोलले.

"अण्णा, ही एसटी नाही," मी म्हणालो.

कुणीतरी खुदकन हसलं. ठराव एकमतानं पास झाला. अण्णांनी पंच खिशातून काढून टेबलावर ठेवला, डेपोत जमा करावा तसा, आणि "पावती नको," म्हणाले. तो मी कपाटात टाकला.

पुढचे चार महिने सदूला दर पहिल्या तारखेला मी माझ्या हातानं पाकीट देत होतो. खाकी पाकीट, वर त्याचं नाव माझ्या वळणदार अक्षरात. "घेतोस ना वेळेवर?" "घेतो ना भाऊ." त्याचा चेहरा बारीक होत चालला होता. बोटीवरचं काम, उन्हाचा त्रास, असं मी मनाशी म्हणत होतो. अण्णा मंडळात येत, चौकटीला टेकत, डोकी मोजत, पण कुणाला आत सरका म्हणत नसत.

मग एका संध्याकाळी धक्क्यावर टोपली उचलताना सदूनं रक्त टाकलं.

दवाखान्यात त्याच्या खाटेशी मी बसलो होतो. अण्णा पायथ्याशी उभे. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की गोळ्या अर्धवट घेतल्यासारखं दिसतं, आता त्या लागू पडतील असं वाटत नाही.

"सदू," मी विचारलं, "गोळ्या घेतल्यास ना रे सगळ्या?"

"घेतल्या ना भाऊ. माज्या वाट्याच्या घेतल्या."

मला कळलंच नाही. अण्णांनी मात्र खाटेची दांडी घट्ट धरली.

"आणि बाकीच्या?" त्यांनी विचारलं.

"बाबूला नि महादूला. त्यांना पन खोकला हाय, अण्णा. एका बोटीवरची मानसं आमी, एका टोपात जेवतो. त्यांच्यासमोर मी एकट्यान कसा खायचा?" त्याला दम लागला. थांबून तो म्हणाला, "सारखे तीन वाटे केले. कुनाला कमी नाय, जास्त नाय. गोळी मोडायला लागली तर मोडली."

बोटीवर सगळ्याचे वाटे होतात. जाळ्यात येईल ते मालकाचं इतकं, बोट चालवणाऱ्या तांडेलाचं इतकं, खलाशांचं इतकं. हा रिवाज मला माहीत होता. मिरकरवाड्याच्या डोक्यावर राहून मला तो माहीत नसता तरच नवल. विश्वास ठेवावा असा ठराव मी केला होता आणि सदूनं विश्वासघात केलाच नव्हता. त्यानं मासळी वाटतात तशा गोळ्या वाटल्या होत्या. अण्णांच्या हातून रोज एकच खुराक मिळत होता, तिथल्या तिथं गिळायचा होता, तेव्हा वाटायला काही उरतच नव्हतं.

सदू तीन आठवड्यांनी गेला.

शेवंती मला बोलली असती तर बरं झालं असतं. दिवसवार झाल्यावर ती मंडळात आली, मशिनवर बसली आणि म्हणाली, "तुमी तर भल्यासाठीच केलात, भाऊ. मीच सांगाय आल्ये होत्ये." त्या वाक्याला मी मान डोलावली. डोलावली, हे मी कबूल करतो. तिच्यावर भार टाकून मी तसाच घरी गेलो आणि जेवलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. कपाटातून पंच काढला आणि अण्णांच्या खोलीवर गेलो. ते मोरीच्या कट्ट्यावर पुठ्ठा ठेवून, उभ्यानंच, दोन नवी कार्डं लिहीत होते. बाबू आणि महादू. दोघांची थुंकी तपासून आली होती. दोघांनाही क्षय होता.

"अण्णा," मी म्हणालो, "सदूच्या भल्यासाठी नव्हतं ते. ते पाहुणे हसले, मला लाज वाटली, म्हणून केलं. तुमचं ऐकलं असतं तर तो आज..."

अण्णा लिहीत राहिले. हातखंबा. निवळी. बावनदी. मी रडत होतो. माझ्याकडं न बघता त्यांनी सातव्या ओळीवर पेन आणलं आणि थांबले.

"आमची ही," ते म्हणाले. "तिला क्षय होता. मुंबईला मोठ्या दवाखान्यात न्यायची होती. रजा मिळेना. मग माझ्याच ड्यूटीच्या गाडीत बसवली, पुढच्या सीटवर. रत्नागिरी-मुंबई. चिपळूणला चहाला थांबलो. ती म्हणाली, सकाळपासून खोकला नाय, मला बरं वाटतंय. हितं जवळच माहेर. आठ दिवस आईकडं राहते, मग जाऊ." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. "पाशिंजर ओरडत होते, गाडी सोडा म्हणून. मला पण वाटलं, दिसतेय बरी. टपावर चढून ट्रंक मीच काढून दिली. डबल बेल पण मीच मारली."

मी पंच त्यांच्यापुढं धरला.

"आठ दिवसांनी गेलो आणायला. ती बरीच होती. पंधरा दिवस म्हणाली. मग पाऊस लागला." त्यांनी सातव्या ओळीवर चिपळूण लिहिलं, दोन्ही कार्डांवर. "दिवाळीपर्यंत टिकली नाय."

माणसं चिपळूणला उतरतात, असं ते सगळ्यांना सांगत असत. इतक्या वर्षांत माणसं उतरली नव्हती. एकच उतरली होती.

कार्डं बाजूला सारून ते म्हणाले, "तुमचं पण खरं होतं. लिलावात नको होतं. मला वेळ दिसतो, माणूस दिसत नाय कधी कधी." मग त्यांनी मी पुढं केलेल्या पंचाकडं बघितलं आणि तो घेतला नाही. "उद्या घेऊन या. बर्फाच्या कारखान्यामागं. बोटी लागल्या की."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. कारखान्यामागं भुसा आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी होतं, पलीकडून लिलावाचा आरडाओरडा ऐकू येत होता. बाबू आणि महादू भिंतीशी उभे होते. त्यांच्यामागून शेवंती आली, तांब्याभर पाणी घेऊन. तिला कुणी बोलावलं होतं, मला माहीत नाही. ज्यांच्या वाट्याला तिच्या नवऱ्याचं औषध गेलं होतं, त्यांच्या ओंजळीत तिनं पाणी ओतलं. ते दोघं खाली बघत होते.

अण्णांनी गोळ्या दिल्या. दोघांनी गिळल्या.

"आ करा," अण्णा म्हणाले. बॅटरीचा उजेड पडला. जीभ वर. डावीकडं. उजवीकडं. मग त्यांनी दोन्ही कार्डं माझ्यापुढं धरली. "तुम्ही मारा."

पंच जड होता. हातखंब्याच्या पहिल्या चौकोनात मी दोन्ही कार्डांना भोकं पाडली. खात्याच्या भोकापेक्षा किंचित मोठी.

मग काहीच झालं नाही. बाबू आणि महादू आ करून उभेच राहिले. अण्णांचा आवाज ऐकल्याशिवाय तोंड मिटायचं नसतं, हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मी अण्णांकडं पाहिलं. मनानं ते चिपळूणच्या त्या गाडीशेजारीच उभे असावेत. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. शेवंती रिकामा तांब्या छातीशी धरून उभी होती. दोघं खलाशी तोंड उघडं ठेवून वाट बघत होते.

शेवटी मीच म्हणालो, "टण टण."

त्यांनी तोंडं मिटली आणि ते मासळी उतरवायला गेले.